एका ठिपक्यातली बाग

"पण यात संशोधन काय?"

हवामानशास्त्राच्या एका परिषदेत एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी हे विचारलं, त्याला बरेच दिवस झाले. माझा राग मात्र अजून गेलेला नाही. प्रश्न माझ्या मैत्रिणीला होता. ती पुण्यात उपग्रहांच्या चित्रांवरून गडगडाटी ढगांचा अभ्यास करते. निफाड तालुक्यात द्राक्ष बागायतदारांबरोबर तिनं घेतलेल्या बैठकांवर तिचं पोस्टर होतं. त्यातल्या एका बैठकीला मी तिच्यासोबत होते, म्हणून हे सांगते.

बैठक देवळाच्या सभामंडपात होती. इन्सॅट-३डीआर, २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला ३डीएस, छत्तीस हजार किलोमीटरची उंची, हे तिनं भराभर उरकलं. मग भिंतीवर इन्फ्रारेड चित्र आलं. लालभडक पट्टा बघून दोघं-तिघं एकदम म्हणाले, "इथं जोराचा पाऊस!" ती म्हणाली, हा रंग पावसाचा नाही, ढगाच्या माथ्याच्या तापमानाचा आहे. माथा जितका थंड, तितका ढग उंच. गारा तयार होतात ढगाच्या पोटात आणि या चित्रात दिसतो तो फक्त माथा.

मागून एक काका उठले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत त्यांची काढणीला आलेली बाग गेली होती.

"मॅडम, यातला एक ठिपका केवढा?"

"साधारण चार किलोमीटर लांब, तेवढाच रुंद."

"आणि चित्र कितीनं येतं?"

"एका उपग्रहाचं अर्ध्या तासानं. दोन उपग्रह आलटून पालटून वापरले, तर पंधरा मिनिटांनी."

काका थांबले नाहीत. "म्हणजे माझी बाग, शेजारचं गाव, कॅनॉल, सगळं एकाच ठिपक्यात. गारा पडतात दहा मिनिटं. तुमच्या दोन चित्रांच्या मधेच बाग जायची की!"

"हो, जाऊ शकते," ती म्हणाली.

सभामंडपात कुजबुज झाली, पण कुणी उठून गेलं नाही. उलट तिथून खरी बैठक सुरू झाली. लागोपाठच्या चित्रांत माथा किती झपाट्यानं थंड होत गेला यावरून ढगाचा जोर कळतो, आणि रडारची जोड मिळाली तर पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा देता येतो, हे तिनं समजावलं. गारा नेमक्या कुणाच्या शिवारात पडतील हे सांगता येत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. बागायतदार म्हणाले, उभी बाग हलवता येत नाही; पण तासभर आधी कळलं तर तोडलेल्या मालाचे क्रेट आत घेता येतात, मजुरांना झाडाखालून हलवता येतं. कुणाला किती वेळ हाताशी लागतो, हे तिनं माणसागणिक लिहून घेतलं. पुण्याला आल्यावर त्याच हिशेबानं तिनं आपल्या ढगांची मांडणी नव्यानं केली.

हे संशोधन नाही?

परिषदेत तिच्या पोस्टरला जागा मिळाली जिन्याशेजारच्या बोळात आणि वेळ मिळाली जेवणाची. लोक हातात ताटं घेऊन पुढे जात होते. आत मुख्य सभागृहात मॉडेलांवरची भाषणं वेळ उलटून गेली तरी चालू होती. उपग्रह-हवामानशास्त्राचे जनक मानले जाणारे व्हर्नर सुओमी आधी शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यांची डॉक्टरेट मक्याच्या शेतातल्या उष्णतेच्या जमाखर्चावर होती. तोच जमाखर्च अख्ख्या पृथ्वीचा मांडायचा, म्हणून त्यांचं उपकरण १९५९ मध्ये एक्सप्लोरर-७ वरून अवकाशात गेलं. या शास्त्राच्या परिषदेत शेताला बोळातली जागा मिळावी, हे मला पटत नाही.

तरी प्रत्येक संशोधकानं गावोगाव फिरावं, असं आता मी म्हणणार नाही. आधी म्हणत असे. इन्सॅट-३डीआरला ठरावीक पट्ट्याची चित्रं काही मिनिटांच्या अंतरानं घेता येतात आणि चक्रीवादळाच्या वेळी ती घेतली जातात. त्यावर रात्रंदिवस बसणारी माणसंही हवीत. त्यांना सभामंडपात ओढून काकांचा ठिपका लहान होणार नाही. पण जी जातात त्यांना निदान सत्र द्या, अर्धा तास द्या, आणि सोबत एखाद्या बागायतदारालाही बोलू द्या.

निफाडकरांनी पुढची बैठक काढणीच्या आधी ठेवायला सांगितलं आहे. मार्चमध्ये कुणालाच सवड नसते. या वेळी चित्रं त्यांच्याच तालुक्याची आणि गेल्या हंगामातली हवी आहेत, तारीख-वेळेसकट.