हक्काचा पैसा, दयेचा नव्हे

१०९८ हा नंबर आमच्या देवनारचा. १९९६ साली इथल्याच टाटा समाज विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून चाइल्डलाइन उभी राहिली आणि पुढे केंद्राच्या अनुदानावर देशभर पोहोचली.

आमच्या वस्तीत एका मुलीवर घरातल्याच माणसाने अत्याचार केला, तेव्हा आम्ही हाच नंबर फिरवला. एका संस्थेची ताई आली. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टाच्या तारखांना ती मुलीसोबत बसली. मुलगी तोंड उघडून बोलली ती तिच्याशीच. त्या ताईचे मानधन अनुदानातून यायचे, तेही महिनोन्‌महिने रखडायचे.

२०२३ मध्ये ही हेल्पलाइन मिशन वात्सल्यखाली सरकारने स्वतःकडे घेतली, ११२ शी जोडली. सरकारने जबाबदारी घ्यावी, हेच तर आम्ही मागत आलो. पण फोन उचलला म्हणजे मूल वाचले असे नाही. फोननंतर दारात येणारे, वर्षानुवर्षे कोर्टाचे खेटे घालणारे माणूस कोणाच्या पगारावर जगणार?

'सरकार कुठे कुठे पुरणार?' असे विचारणाऱ्यांनी संविधान उघडावे. अनुच्छेद ३९ बालपणाचे शोषणापासून रक्षण करायला सांगतो. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही, हे खरे. पण अनुच्छेद ३७ हीच तत्त्वे राज्यकारभारात मूलभूत मानतो.

पैसेवाल्यांची मुले वकील आणि समुपदेशक विकत घेऊ शकतात. आमच्या मुलांकडे फक्त ती ताई असते. तिचे अनुदान वेळेवर द्या. आम्ही भीक मागत नाही.

जय भीम!