काचेवर पाणी का येईना?



तुमच्या गाडीच्या काचेवर पाणी उडतं का? आज एकदा दांडी ओढून बघाच. माझ्या सतरा वर्षं जुन्या गाडीचं उडत नव्हतं, आणि ते मला मार्चपासून माहीत होतं. फडक्याने काच पुसली की भागायचं.

जुलैमध्ये कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे उतरत होतो. पाऊस नुकताच थांबलेला. समोरून आलेल्या ट्रकने खड्ड्यातला चिखल थेट काचेवर उडवला. सवयीने वायपर लावला. पाऊस चालू असता तर काच धुऊन निघाली असती. आता मात्र अंगण सारवावं तसा चिखल काचभर सारवला गेला. पुढचं काही दिसेना. ब्रेक दाबत अंदाजाने कडेला घेतली. उतरून काच पुसली तेव्हा कळलं, कठडा हातभर अंतरावर होता. शेजारी बसलेली आमची आठवीतली लेक घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गणित घातलं. वेग ताशी ४० किलोमीटर, ३ सेकंद काही दिसलं नाही, तर गाडी किती पुढे जाईल? साधारण ३३ मीटर. आमचा वर्ग ६ मीटर लांब. "म्हणजे साडेपाच वर्ग, सर!" मुलं हसली. मला हसू आलं नाही.

गॅरेजवाल्याला फोन केला तर तो लगेच म्हणाला, "मोटर गेली सर, बदलून टाकू." लेकीने विचारलं, "त्यांनी न बघता कसं सांगितलं?" (मीही वही न वाचता कधीकधी शेरा मारतो, पण ते तिला सांगितलं नाही.) मग रविवारी दोघांनी बॉनेट उघडलं.

आधी नुसतं ऐकलं. दांडी ओढल्यावर घुर्र आवाज येतो पण पाणी नाही, असं असेल तर नळी निसटलेली किंवा नोझल तुंबलेलं असू शकतं. आमच्याकडे आवाजच नव्हता. म्हणजे फ्यूज? लेक म्हणाली, "पण वायपर तर चालतोय!" खरंच की. आमच्या गाडीत दोघांचा फ्यूज एकच आहे, त्यामुळे तो शाबूत असणार. हे मला सुचायला हवं होतं.

मोटरचा कपलर काढला, त्याच्या दोन टोकांना १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडला आणि तिला दांडी ओढायला सांगितली. बल्ब लागला! वीज मोटरपर्यंत येत होती, वायरिंग आणि अर्थिंग ठीक होतं. गॅरेजवाल्याचं उत्तर बरोबर निघालं, पण आता ते आमचंही होतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि टाकी रिकामी केली. मोटर टाकीच्या तळाशी रबरी कड्यात नुसती दाबून बसवलेली असते. हलवत हलवत ओढली आणि आतून पांढरा खर निघाला. बोअरचं पाणी! गेली कित्येक वर्षं मीच ते टाकीत ओतत होतो. टाकी धुतली, कडं नवं घातलं, त्याला साबणाचं पाणी लावलं, तशी नवी मोटर अलगद आत गेली. नळी आणि कपलर जोडून टाकीत आधी पाणी भरलं, कारण कोरडी फिरवली तर ही मोटर खराब होऊ शकते. मग बॅटरी जोडून दांडी ओढली. डावी धार काचेवर, उजवी सरळ छपरावरून मागे शेजाऱ्यांच्या वाळवणावर! नोझलमध्ये टाचणी घालून ती वळवली. जुनी मोटर आता शाळेच्या विज्ञानपेटीत आहे.

हात धुताना लेकीने घाटाचा विषय पहिल्यांदा काढला. "बाबा, एवढंच काम होतं तर मार्चमध्ये का नाही केलं?"

मी साबण शोधत राहिलो.