पिकची जाडी, मनगटाची नरमाई

आमच्या अभ्यासिकेतील मेजावर प्रार्थनाग्रंथ आणि बाप्तिस्म्याची नोंदवही यांच्यामध्ये पत्र्याची एक लहानशी डबी असते. दाखला घ्यायला आलेली माणसे तिच्याकडे कुतूहलाने पाहतात. तीत रोझरी असावी, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तीत प्लॅस्टिकचे चार त्रिकोणी तुकडे आहेत. गिटारच्या तारा छेडण्याच्या या तुकड्याला वादक ‘पिक’ म्हणतात. (शेतातल्या पिकाशी त्याचा काही संबंध नाही, हे आमच्या बागायतदार वाचकांना आधीच सांगितलेले बरे.) चारही पिकची जाडी निरनिराळी आहे : ०.४६, ०.७३, १ आणि १.५ मिलिमीटर. दुसरे पिक जवळजवळ बँकेच्या एटीएम कार्डाएवढे, पहिले त्याहून पातळ, चौथे त्याच्या दुप्पट. फरक एवढासाच. पण या मिलिमीटरभर फरकापायी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्यापासून दुरावला होता.

तीन वर्षांपूर्वीच्या उपवासकाळातली ही गोष्ट. उपवासकाळात वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवावीत, असे मिस्साग्रंथाच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. आमच्या गायकवृंदात गिटार वाजवणारा एक महाविद्यालयीन तरुण होता. राखेच्या बुधवारनंतरच्या रविवारी त्याची गिटार आम्हांला फार मोठ्याने वाजते आहे असे वाटले. तारांवर एकेक आघात ठणठणीत पडत होता. मिस्सा संपल्यावर दोघा ज्येष्ठांनी तक्रारही केली. आम्ही त्याला सॅक्रिस्टीत बोलावले आणि साऱ्या गायकवृंदासमोर म्हणालो, “ही उपासना आहे, मैफल नव्हे. आपली कला दाखवण्याची ही जागा नाही.”

“बरं, फादर,” एवढेच तो म्हणाला. गिटार पिशवीत घालून गेला, तो पुढच्या रविवारी आलाच नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

सेमिनरीत असताना आम्ही थोडीफार गिटार शिकलो होतो. दुसरे कोणी नव्हते, म्हणून तालमीसाठी आम्हीच ती हाती घेतली. जुन्या पेटीत आमचे त्या काळचे पातळ पिक सापडले. सहाही तारांवरून हात फिरवताना, ज्याला स्ट्रमिंग म्हणतात, ते सुखाने वाकत होते आणि हात कोठे अडत नव्हता. आम्ही मनात म्हटले, पाहा, सौम्यपणे वाजवता येते की! पण गीताच्या आधी एकेका तारेवर चाल वाजवून सूर द्यायला गेलो, तेव्हा तो सूर तिसऱ्या बाकापुढे पोहोचेना. पोहोचली ती प्लॅस्टिकची फडफड. जोर वाढवला तरी आवाज वाढेना, फडफड मात्र वाढली.

मग एकदा मुंबईला गेलो असता वाद्यांच्या दुकानातून ही चार पिक आणली आणि रात्रीची प्रार्थना आटोपल्यावर एकेक वाजवून पाहू लागलो. हळूहळू उलगडा झाला. गिटारची सर्वांत बारीक तार सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची असते. पातळ पिक तिला भिडले की तारेआधी तेच वाकते आणि निसटते. तार फारशी ताणली जात नाही; म्हणून नाद कृश येतो, वरचे चकचकीत स्वर ऐकू येतात, खर्ज दुबळा राहतो. आपण कितीही जोर लावला तरी तो जोर वाकण्यातच खर्ची पडतो. हाताची चूक पिक आपल्या अंगावर घेते. नवशिक्याला ते सोयीचे वाटते, त्याचे कारण हेच.

जाड पिक वाकत नाही. ते तारेला पुरते बाजूला सारते आणि मगच सोडते. नाद भरदार येतो. टोक गोलसर असेल तर तो अधिकच मऊ वाटतो, फडफड जवळजवळ नाहीशी होते. पिक वाकून परत सरळ होण्याची वाट पाहावी लागत नसल्याने एकेका तारेवरची जलद चालही नेमकी निघते. पण हातात जे असेल ते सारे ते तारेपर्यंत पोहोचवते. हळुवारपणा असेल तर हळुवारपणा, राग असेल तर राग. आम्ही पहिल्या रात्री ते मुठीत आवळून स्ट्रमिंग केले, तर पिक तारांत अडकू लागले आणि ठणठणाट झाला. अगदी त्या रविवारसारखा! पुढे चुकतमाकत शिकलो : अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये ते सैल धरावे, टोक जेमतेम बाहेर ठेवावे, तारेवर किंचित तिरपे न्यावे आणि कोपर न हलवता मनगट फिरवावे. मग तेच दीड मिलिमीटरचे पिक कुजबुजल्यासारखे वाजू लागले.

म्हणजे लवचीकपणा कोठेतरी असावाच लागतो. तो पिकमध्ये नसेल, तर मनगटात हवा. दोन्हीकडे ताठरपणा असला की तार कर्कश वाजते, प्रसंगी तुटते.

हे काही आजचे ज्ञान नव्हे. आपले सरोदवादक नारळाच्या करवंटीचा टणक जवा वापरतात आणि त्यातून मिंडेचे मार्दव काढतात. इंग्लंडच्या ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचा ब्रायन मे तर पिकऐवजी सहा पेन्सचे जुने नाणे वापरतो. धातू मुळीच वाकत नाही, साऱ्या नरमाईचा भार त्याच्या बोटांवर. सेमिनरीत आम्हांला शिकवले होते की ‘स्तोत्र’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘प्साल्मोस’ हा तार छेडणे या क्रियापदापासून आला आहे. शौल राजाचे चित्त अस्वस्थ झाले की दावीद वीणा घेऊन हाताने वाजवीत असे, असे शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात सांगितले आहे. त्यातील ‘हाताने’ हा शब्द इतकी वर्षे आमच्या वाचनात येऊनही लक्षात आला नव्हता.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या गुरुवारी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा ठेवला. तो समोर बसला, पण मान वर करीना. आम्ही खिशातली डबी काढून विचारले, “यातले कोणते पिक वापरत होतास?”

त्याने एक मिलिमीटरच्या पिकवर बोट ठेवले. “आधी पातळच होतं, फादर. पण आपला मागचा स्पीकर डिसेंबरपासून बंद आहे. मागच्या बाकांवरच्या आजीबायांना सूर सापडत नाही, त्या मधूनच गाणं सोडतात. म्हणून जाड घेतलं. हात अजून बसला नव्हता.”

मागचा स्पीकर बंद असल्याचे आम्हांला ठाऊक होते. दुरुस्तीचे काम ईस्टरनंतर पाहू, असे आम्हीच म्हटले होते. गायनाला आधार द्यावा हा नियम आम्ही त्याला ऐकवला, आणि तो आधारच देत होता.

“चूक आमची झाली,” आम्ही म्हणालो. “आणि चारचौघांसमोर बोललो, ती त्याहून मोठी.” पापकबुलीच्या पिंजऱ्यात आम्ही कितीतरी वर्षे इतरांचे हे शब्द ऐकत आलो आहोत. ते स्वतः उच्चारताना घशात अडकतात, हे त्या दिवशी कळले.

तो लगेच परतला नाही. पास्काजागरणाच्या रात्री आई-वडिलांबरोबर मागच्या बाकावर बसला होता. गिटार घेऊन आला तो पेंटेकॉस्टच्या आधीच्या तालमीला. त्याने आमच्या हातातील पिकची पकड पाहिली, हसला आणि म्हणाला, “फादर, अजून थोडं सैल.”

गायकवृंदासमोर बोललेले शब्द गायकवृंदासमोरच मागे घ्यायला हवे होते. म्हणून त्या तालमीत आम्ही ते मागे घेतले. स्पीकर त्याआधीच दुरुस्त झाला होता. हल्ली तो बहुधा ०.७३ चे पिक वापरतो, सणाच्या मिस्साला एकचे. तक्रार घेऊन कोणी आमच्याकडे आले, की आम्ही आधी डबीतले दीड मिलिमीटरचे पिक बोटांत धरून पाहतो. पकड घट्ट झालेली असेल, तर त्या दिवशी कोणालाही सॅक्रिस्टीत बोलावत नाही.