क्रिकेटचा एक नियम

२२ यार्डांची खेळपट्टी, तिच्या दोन्ही टोंकांस तीन-तीन यष्ट्या, त्यांवर दोन-दोन बेल्स आणि प्रत्येक पक्षाचे ११ गडी, एवढ्यानें क्रिकेटची ओळख होते खरी. परंतु या खेळाचा एक नियम विशेष मनन करण्यासारखा आहे. प्रतिपक्षानें दाद मागितल्यावांचून पंच कोणासही बाद ठरवीत नाहीं. मात्र आपण बाद झालों हें जाणणारा फलंदाज आपण होऊन परत जाऊं शकतो.

आम्ही विद्यार्थी असतां एका सामन्यांत चेंडू आमच्या फळीस निसटता लागून यष्टिरक्षकाच्या हातीं विसावला. कोणास कांहीं ऐकूं आलें नाहीं; कोणीं दाद मागितली नाहीं. आम्ही उभेच राहिलों, पुढें १९ धावा काढल्या व सामना जिंकला. सायंकाळीं गुरुजींनीं शाबासकी दिली, तेव्हां आमच्यानें मान वर करवली नाहीं.

आतां आम्ही पंच म्हणून उभे राहतों. गेल्या हंगामांत आमचा एक विद्यार्थी पहिल्याच चेंडूवर, सर्व मैदान निःशब्द असतां, फळी काखेंत घेऊन चालूं लागला. “गुरुजी, लागला होता,” एवढेंच तो म्हणाला. आम्हीं टोपी काढून त्यास वाट दिली.

धावपुस्तकांत त्याच्या नांवापुढें शून्य पडलें. आमच्या नांवापुढील ते १९ मात्र अद्यापि आम्हांस फेडतां आलेले नाहींत.