पायरी

काशीच्या बालाजी घाटावर पहाटे बसावे. तेथे पायरीला मान नाही आणि अपमानही नाही. ज्याला जी सापडेल ती त्याची. वरच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी (१९१६–२००६) वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. मुसलमानाची सनई, हिंदूंचे देऊळ! पण आमच्या घरी वडीलधारी मंडळी सांगत, ‘आपली पायरी ओळखून वागावे.’ तेव्हा मी निमूट मान डोलावीत असे, याची आज लाज वाटते. घाटावर हे आठवले, आणि आठवले कोचीनचे वकील अब्राहाम बराक सालेम.

कोकणातले बेने इस्रायल, आपले शनवार तेली, तुमच्या परिचयाचे असतील. एकोणिसाव्या शतकात त्यांना हिब्रू व धर्मविधी शिकविण्यास कोचीनचे ज्यू मुंबईस आले. त्याच कोचीनमध्ये, १५६८ साली बांधलेल्या परदेशी सिनेगॉगमध्ये, मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना बाकावर बसण्याची मुभा नव्हती. त्यांनी बाहेरच्या दालनात जमिनीवर वा पायरीवर बसावे. तेथे रब्बी नसत, प्रार्थना समाजातील जाणतेच चालवीत. पण या वंशातला मनुष्य कितीही जाणता असला तरी ग्रंथवाचनाचा मान त्याच्या वाट्यास येत नसे.

सालेम (१८८२–१९६७) त्याच वंशातले. मद्रासेस कायदा शिकून ते वकील झाले, १९२५ पासून कोचीन संस्थानच्या विधिमंडळात बसले, १९२९ च्या लाहोर काँग्रेसला गेले. विधिमंडळात खुर्ची आणि देवापुढे पायरी! हे कसे सोसावे?

वकिलाला कोर्टाचा दरवाजा ठाऊक असतो. सालेमांनी मात्र गांधीजींची वाट धरली आणि आपल्याच देवघरात आपल्याच लोकांविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. परक्याशी झगडणे त्यामानाने सोपे, असे मला वाटते. नाशिकचा १९३० चा काळाराम सत्याग्रह आणि पंढरपूरचे साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

वर्षे लागली. बाके मोकळी झाली, ग्रंथवाचनाचा मानही मिळाला. पुढे बहुतेक समाज इस्रायलला गेला; सालेमही तेथे जाऊन आले, पण राहिले कोचीनलाच. सिनेगॉगकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.