पांढरी चादर

पुण्याच्या थंडीची आम्हां पुणेकरांना कोण मिजास! पारा नऊ-दहा अंशांवर उतरला की कानटोप्या बाहेर निघतात आणि "यंदा कडाका आहे हं!" असे आम्ही एकमेकांना बजावतो. एवढ्याच भांडवलावर, चाळिशी ओलांडल्यावर, काही वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत मी मित्राबरोबर लडाखला गेलो. तेही झांस्कर नदीच्या गोठलेल्या पाठीवरून चालायला!

या वाटेला 'चादर' म्हणतात. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद झाल्या की झांस्करच्या लोकांना लेहला यायला पिढ्यान् पिढ्या हीच वाट. पाठीवर लोण्याचे ओझे घेऊन, काठच्या गुहांत रात्री काढीत माणसे येत. मार्च २०२४मध्ये निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला आणि त्या पायपिटीची गरज उरली नाही.

लेह साडेअकरा हजार फुटांवर. तिथे विसावा घेऊन, चिलिंगच्या पुढे आम्ही नदीवर उतरलो. आमचा वाटाड्या तरुण झांस्करी होता. काठीने तो बर्फ ठोकून पाही. भरीव आवाज आला तर पाऊल टाकायचे, पोकळ आला तर काठचा खडक धरायचा. चढ आला की म्हणे, "सर, एक कपडा उतरवा." शून्याखाली वीस अंशांत कपडे उतरवायचे? पण घामाने आतले कपडे ओले झाले की थांबल्यावर तीच ओल अंगातली ऊब ओढून नेते, हे त्याने समजावले. मी मान डोलावली आणि विसरलो.

तिसऱ्या दिवशी काठचा बर्फ फुटून माझा उजवा पाय नडगीपर्यंत पाण्यात गेला. कोणी पाहिले नव्हते. वर्गात चुकलेली ओवी सावरून न्यावी तसा मी पाय काढून पुढे चालू लागलो. आधी कळा आल्या, मग मुंग्या, मग काहीच नाही. मला वाटले, बरे झाले!

गुहेत पोचल्यावर वाटाड्याने काही विचारले. माझी जीभ अडखळली. त्याने थेट बुटाकडे पाहिले. नाड्या गोठून काड्या झाल्या होत्या. आत बोटे मेणबत्तीसारखी पांढरी. मी पाय शेकोटीकडे नेला, तो त्याने मागे ओढला. बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. मित्र पाय चोळू लागला, त्यालाही थांबवले. मग त्याने आपला लोकरी गोंचा सोडला आणि माझा तो बर्फासारखा पाय स्वतःच्या उघड्या पोटावर धरला.

बऱ्याच वेळाने अशी कळ उठली की डोळ्यांत पाणी आले. तो हसला. "दुखतंय ना? मग पाय तुमचाच आहे." कोरडे मोजे आणि लोण्याचा खारा चहा देऊन म्हणाला, "इथं भिजलेला माणूस ओरडून सांगतो, सर. त्यात लाज कसली?"

उबलेला पाय पुन्हा गोठला तर बोटे जातात. म्हणून सकाळी त्याने आम्हांला माघारी फिरवले. पदुम राहिले ते राहिलेच.

हा प्रसंग घरी सांगायचा नाही, असे आम्ही दोघांनी गाडीत ठरवले होते. दारात सौभाग्यवतींनी विचारले, "सगळं ठीक ना?" मी "हो" म्हणणार होतो, पण बूट काढता काढता म्हणालो, "नाही. बस, सांगतो."