करंट परत कुठून जातो?

जुन्या गाडीचा मालक गॅरेजात आला की आधी निकाल सांगतो, गाडी नंतर दाखवतो. “मिस्त्री, फ्लॅशर गेलाय बघा,” नाहीतर “डायनॅमो भरंना झालाय.” मी म्हणतो, काय बिघडलंय ते आपण मागनं ठरवू, आधी गाडी काय करते ते सांगा.

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून एक प्रीमियर पद्मिनी आली होती. नुकती रंगवून घेतलेली, इतकी देखणी की उद्यमनगरातली पोरं हातातलं काम सोडून बघायला आली. दुखणं असं, की ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटरही बारीक पेटायचा आणि इंडिकेटर दिला की टेललाइट त्याच तालात मिचमिचायचा. फ्लॅशर बदलून झाला होता, ब्रेकचा स्विच बदलला होता, बल्बही नवे. मी एक लांब वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मागच्या दिव्याच्या पत्र्याला टेकवलं. मिचमिच जागच्या जागी थांबली. दिवा सोडवला, तर स्क्रूखाली तोच सुंदर रंग! ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला बॉडीत उतरायला जागा नव्हती. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरून, पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाऊन तिथल्या अर्थनं परत जात होता. नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून पत्रा पांढरा केला, स्क्रू आवळला, वर ग्रीसचं बोट फिरवलं. काम झालं.

जुन्या गाडीत सगळे जण येणारी वायर शोधतात. परतीची वाट कुणी बघत नाही, कारण ती वायरीसारखी दिसत नाही. सगळी बॉडीच तिची वायर असते. जुन्या इंग्लिश गाड्यांत तर उलटा कारभार. तिथं बॅटरीचं पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून हात घालायच्या आधी ते बघावंच लागतं.

मल्टीमीटर खोटं बोलत नाही, पण विचाराल तेवढंच सांगतो. वायरीच्या आतल्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली असली तरी मीटर 12.6 व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. 60 वॅटच्या हेडलाइटला 5 अँपिअर लागतात, सेल्फला 150 किंवा त्याहूनही जास्त. सांध्यात फक्त 0.02 ओहमचा अडथळा धरा. हेडलाइटचा 0.1 व्होल्ट जातो, कुणाला कळतही नाही. सेल्फचे मात्र 3 व्होल्ट जातात, तो ‘टक’ करतो आणि गप्प बसतो. “बॅटरी नवी घातली की! तरीबी सेल्फ घेत नाही,” ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. म्हणून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवायची आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला, तर अर्थपट्टी बघा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीशी त्याचं नातं त्या एका पट्टीचं. ती तुटली की करंट चोकच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जायला बघतो. चोकची केबल तापून आतल्या आत चिकटलेली मी पाहिली आहे. अशा गाडीत नवी केबल घालून काय उपयोग?

माझे वस्ताद (कोल्हापुरात तालमीसारखा गॅरेजातही वस्तादच असतो) हेडलाइट थोडा वेळ चालू ठेवायचे आणि मग एकेक सांधा बोटानं चाचपायचे. जो गरम लागेल तो सोडवायचा. ही रीत आजही मीटरच्या बरोबरीनं चालते.

2019 आणि 2021च्या महापुरानंतर वेगळंच दुखणं वाढलं. पाण्यात बुडालेली गाडी वाळते, सुरू होते, मालक खूश होतो. पण टोकातून शिरलेलं पाणी इन्सुलेशनच्या आत तारांच्या फटींतून चढत राहतं. वर्षानं वायर सोला, तर तांबं काळं पडलेलं असतं, नखानं खरवडलं तर भुकटी निघते, सोल्डर धरतच नाही. लकाकतं तांबं लागेपर्यंत कापत मागं जायचं. न लागलं तर सगळी वायर बदलायची. काळ्या तांब्यावर टेप गुंडाळून गाडी देणं मला मान्य नाही. त्यातून आग लागू शकते.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिचा थाट बघतात. मी मनात तिच्या वायरमनला नमस्कार करतो. इतकी जुनी गाडी चालती राहते, म्हणजे तिच्या सांध्यांवर कुणाचं तरी लक्ष आहे.

तुमच्या घरी जुनी फियाट, अ‍ॅम्बेसेडर असेल आणि ती रंगाला द्यायची असेल, तर आधी वायरमनला बोलवा. अर्थच्या जागा त्याला दाखवायला सांगा, त्यांवर चिकटपट्टी लावा आणि पेंटरला बजावा की तिथं रंग नको. जुनी वायरिंग काढणार असाल, तर कुठल्या रंगाची वायर कुठं जाते ते वहीत लिहून ठेवा आणि ती वही गाडीतच ठेवा.